पनामाच्या पाण्यावरची सभा

धारूरच्या बाजारपेठेत गुंडप्पाचं किराणा दुकान आहे. त्याचा मुलगा नागेश अमेरिकेकडच्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर इंजिनिअर. जहाजभर थंड हवा खेळती ठेवणारी यंत्रं त्याच्या ताब्यात. जवळच्या दोन माणसांना कधीतरी सफरीवर बोलवायची त्याला कंपनीची परवानगी होती. २०१८ च्या दिवाळीत त्याने आईला, म्हणजे शिवकांताला, फोन केला.

"माय, फेब्रुवारीत आमचं जहाज पनामाच्या कालव्यातून जाणार हाय. तू अन् बप्पा या."

गुंडप्पाने गुळाच्या ढेपेवरची माशी हाकलली आणि फोनकडे न बघताच सांगितलं, "मी न्हाई येत. पाण्यावर झोपायचं म्हंजी काय? कूस बदलली अन् पडलो तर?"

"मग मी एकली जाऊ?" शिवकांताने विचारलं.

"मुक्ताला ने की. ती तुझ्यासंगं चंद्रावर बी येईल."

इथं गुंडप्पाचा अंदाज साफ चुकला.

मुक्ताबाई तिडके घाटाखालच्या चिंचाळवाडीची. गावातल्या बायकांची दूध संस्था तिने उभी केली होती आणि सुरुवातीपासून तीच अध्यक्ष होती. ती संस्था निघाली तेव्हा गावातल्या पुरुषांनी लई चेष्टा केली होती. दूध घालायला जागा नव्हती, मोजायला मापं नव्हती. तेव्हा शिवकांताने आपल्या दुकानाच्या ओट्यावरची तेलाची पिंपं हलवली, दुकानातली मापं काढून दिली आणि नवऱ्याला म्हणाली, "सकाळी दोन तास ओट्यावर बायांचं राज." पुढं संस्थेची डेअरी गावातच झाली, पण तेव्हापासून या दोघी मैत्रिणी. एकीला तिखट आवडायचं, दुसरीला गोड. एक लिंगायताची, दुसरी शेतकऱ्याची. पण एकीच्या घरची बातमी दुसरीला कळली नाही असा दिवस क्वचित जायचा.

मुक्ताबाई म्हणाली, "येडी झालीस का तू? जनावरं छावणीत बांधायची येळ आली. बाया घागरी घिऊन रस्त्यावर बसतेत. अन् म्या जहाजात बसू?"

तिचंही खरं होतं. त्या वर्षी गणपतीनंतर पावसाने तोंडच दाखवलं नव्हतं. अर्धं गाव ऊसतोडीला गेलं होतं. टँकर यायचा तेव्हा यायचा. डेअरीच्या दुधाची किटली भरता भरत नव्हती. अशात अध्यक्षबाई हवा खायला गेल्या, असं कुणी म्हटलं असतं तर तिला ते आयुष्यभर टोचलं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शिवकांता सहा आसनी रिक्षात बसून थेट चिंचाळवाडीच्या डेअरीवर गेली. बायका दूध घालायला रांगेत उभ्या होत्या. तिने तिथंच सगळं सांगून टाकलं. नागेशचं जहाज, पनामा, मुक्ताचा नकार, सगळं.

रांगेत सगळ्यात पुढं रतनबाई होती. संस्थेची सगळ्यात वयस्कर सभासद. तिने किटली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले.

"मुक्ता, तू इथं राहून पाऊस पाडणार हायेस का?"

बायका हसल्या. मुक्ताबाईला मात्र हसू येईना. "आत्या, तसं न्हाई..."

"मग जा की! तू गेलीस म्हणून टँकर यायचा थांबणार न्हाई, अन् राहिलीस म्हणून दोन येणार न्हाईत. आमच्यातलं कुणी समुद्र बघितलाय का? मी तर न्हाई बघितला. तू बघ, अन् आल्यावर नीट सांग. अर्धवट सांगू नको."

"सांगायला कावून?" मागून एक सून ओरडली. "फोनमधी दाखवा की, अध्यक्षबाई!"

मुक्ताबाईचा नवरा मोहनराव छावणीतून नुकताच दूध घेऊन आला होता. एवढ्या बायकांत तो सहसा तोंड उघडायचा नाही. त्या दिवशी मात्र म्हणाला, "जनावरांचं मी बघतो. भाकरी बी थापून घेतो. पर मला भाकरी येती हे आल्यावर कुणाला सांगू नको, म्हंजी झालं."

"आता तुमीच सांगितलं की सगळ्यांना!" रतनबाई म्हणाली, आणि तेव्हा कुठं मुक्ताबाई हसली. म्हणजे जायचं ठरलं.

पुढचे दोन-तीन महिने पासपोर्ट, व्हिसा यात गेले. मुंबईत व्हिसासाठी खिडकीसमोर उभं राहिल्यावर पलीकडच्या गोऱ्या बाईने दुभाष्यामार्फत विचारलं, "अमेरिकेत गेल्यावर परत येणार ना?"

मुक्ताबाई म्हणाली, "माजी म्हैस एप्रिलात व्यायची हाय. तिथं राहून कसं जमंल, बाई?"

दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं. गोरी बाई खिडकीमागे इतकी हसली की शेजारच्या खिडकीतला साहेब वाकून बघायला लागला. व्हिसा मिळाला.

जहाज पहिल्यांदा दिसलं तेव्हा दोघी अमेरिकेतल्या बंदरावर नुसत्या उभ्या राहिल्या. धारूरचा किल्ला कुणीतरी पांढरा रंगवून, त्याला खिडक्या पाडून पाण्यात सोडावा, तसं ते दिसत होतं. नागेश पांढऱ्या गणवेशात धावत आला, दोघींच्या पाया पडला. त्याने दोघींसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट आणले होते, डेकवर घसरू नये म्हणून. शिवकांताने लगेच बूट घातले आणि दोन-चार पावलं ऐटीत चालून दाखवली. मुक्ताबाईने नऊवारी जरा वर खोचून बूट घातले. आपले पाय दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत असं तिला वाटायला लागलं.

पहिले दोन दिवस शिवकांता जहाजभर बागडत होती. सकाळी डेकवर नाच शिकवायचे, तिथं ती मागच्या रांगेत उभी राहून हात हलवायची. दुपारी अननसाचे तुकडे लावलेलं सरबत प्यायची. स्वयंपाकघरातल्या एका गोव्याच्या आचाऱ्याशी तिने ओळख काढली आणि दोघींच्या ताटात रोज वरण-भात येईल अशी व्यवस्था केली.

मुक्ताबाईचं मन लागत नव्हतं. केबिनच्या न्हाणीत नळ सोडला की हवं तेवढं पाणी यायचं. ते फरशीवरून सरळ भोकात निघून जाताना तिला बघवेना. तिने कचऱ्याची बादली धुऊन फवाऱ्याखाली ठेवली. अंघोळीचं पाणी त्यात धरायचं, त्यात लुगडं भिजवायचं, उरलेल्या पाण्याने फरशी पुसायची. खोली झाडायला येणाऱ्या पोरीला कोरडी, लखलखीत न्हाणी बघून काय करावं समजेना.

तिसऱ्या दिवशी दोघी पोहण्याच्या तलावाशेजारी बसल्या होत्या. एक खलाशी जाडजूड नळीने डेक धूत होता. पाण्याचा लोट नुसता वाहत चालला होता. मुक्ताबाईने थोडा वेळ बघितलं. मग उठली, सरळ त्याच्यापुढं गेली आणि नळीच्या तोटीकडे बोट दाखवून म्हणाली, "बंद कर, बाबा. बास झालं. निघालं की सगळं."

खलाश्याला काही कळेना. त्याला वाटलं बाईंना पाय धुवायचे आहेत. त्याने मोठ्या अदबीने नळी तिच्या पायांकडे वळवली. कॅनव्हासचे बूट चिंब झाले. आजूबाजूच्या खुर्च्यांवरची माणसं हसली. शिवकांताचा चेहरा लाल झाला.

"मुक्ता, बास कर आता," ती केबिनकडे जाता जाता म्हणाली. "आल्यापासून तेच चाललंय. नळ, बादली, पाणी. तू इथं आलीच न्हाईस अजून. तू अजून टँकरच्या रांगेतच उभी हायेस."

"व्हय, हाय उभी. बाया उभ्या हायेत, मग म्या कुठं असणार?"

"मग यायचंच कशाला? मी काय तुला ओढून आणलं?"

"ओढूनच आणलंस की!"

दोघींनी एकमेकींकडे पाठ फिरवली. इतक्या वर्षांत त्या भांडल्या नव्हत्या असं नाही, पण भांडल्यावर प्रत्येकी आपापल्या घरी जायची सोय होती. इथं एकच खोली आणि चारी बाजूंना समुद्र.

नागेश दुपारचा चहा प्यायला आला तेव्हा दोघी दोन पलंगांवर दोन दिशांना तोंड करून बसल्या होत्या. काय झालं ते त्याला दोघींनी वेगवेगळं सांगितलं. तो ऐकून घेत होता आणि त्याच्या तोंडाचा कोपरा हळूहळू वर चालला होता.

"मावशी," तो मुक्ताबाईला म्हणाला, "चल माझ्यासंगं."

त्याने दोघींना पुन्हा तलावाशी नेलं, वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि तिच्यापुढं धरलं. "चाखून बघ."

मुक्ताबाईने बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "खारट हाय!"

"समुद्राचंच हाय. खालून घेतो, परत खाली सोडतो. डेक बी त्याच पाण्यानं धुतेत. अन् तू अंघोळ करतेस ते बी समुद्राचंच, आमी जहाजात गोड करून घेतलेलं. कुणाच्या घागरीतलं न्हाई."

मुक्ताबाईने तलावाकडे बघितलं, मग पलीकडच्या समुद्राकडे, मग पुन्हा बोट चाखलं. आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेना. पोट धरून ती खुर्चीवर बसली. "तीन दिस झालं... म्या बादलीत... समुद्र साठवतीया!"

शिवकांताही हसायला लागली. हसता हसता दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं. "हे बी खारटच हाय, पूस," शिवकांता म्हणाली आणि आपला पदर पुढं केला. मग दोघींनी बूट काढले, लुगडी आवरून घेतली आणि तलावाच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडले. मुक्ताबाईने इतक्या जोरात पाय हलवले की पोहणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तोंडावर पाणी उडालं. त्याने उलटं उडवलं. संध्याकाळपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

कालव्याच्या दिवशी पहाट फुटताच सगळं जहाज जागं झालं. पुढच्या डेकवर ही गर्दी. शिवकांताने कोपरं वापरून अगदी कठड्याजवळची जागा मिळवली. धारूरच्या आठवडी बाजारात दर वेळी पुढं सरकायची सवय तिला इथं उपयोगी पडली. हवा दमट होती, दोन्ही काठांना घनदाट हिरवं रान. मुक्ताबाईने फेब्रुवारीत एवढं हिरवं कधी पाहिलं नव्हतं.

कालव्याच्या कचेरीकडून एक तरुण बाई जहाजावर चढली होती. दिवसभर ध्वनिक्षेपकावरून सगळ्यांना माहिती सांगायची हे तिचं काम. तिचं नाव मारिसोल. गोल चेहरा, कुरळे केस, हातात माईक. ती दोघींच्या शेजारीच उभी राहिली. नागेश रात्रीची पाळी संपवून, लाल डोळ्यांनी तिथं पोचला आणि तिचं बोलणं मराठीत सांगू लागला.

पुढं दगडी भिंतींच्या मध्ये एक भलामोठा हौद होता आणि त्याला लोखंडी दारं. जहाज आत शिरलं तेव्हा दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली असेल नसेल. आधी एक छोटी होडी आली. दोन माणसं वल्ही मारत होती. त्यांनी जहाजावरून सोडलेली दोरी धरली आणि काठावरच्या माणसांकडे नेली. एवढं अवाढव्य जहाज, आणि त्याचा हात धरायला एवढीशी होडी! शिवकांताला ते फार आवडलं. तिने टाळ्या वाजवल्या. मग काठावरच्या रुळांवरून चांदीच्या रंगाची इंजिनं आली आणि जहाजाला दोन्हीकडून ताणून धरलं.

"ह्यांना इथली माणसं खेचरं म्हणतेत," नागेशने सांगितलं.

"खेचर? मग चारा काय घालतेत?" मुक्ताबाईने विचारलं.

"वीज."

"मग छावणीची गरज न्हाई."

तेवढ्यात नागेशचा फोन वाजला. त्याने इथलं सिमकार्ड घेऊन ठेवलं होतं आणि चिंचाळवाडीला आधीच कळवलं होतं. इथं सकाळ, तर तिथं संध्याकाळ, अगदी दूध घालायची वेळ. पडद्यावर डेअरीचा दिवा दिसला आणि त्याखाली चेहरेच चेहरे. सगळ्यात पुढं रतनबाई, फोनला नाक लावून.

"मुक्ता, तू कुठं हायेस? मला नुसती भिंत दिसती."

"भिंतच हाय, आत्या! थांबा, आता बघा." मुक्ताबाईने फोन कठड्याबाहेर धरला. "आमी हौदात हाव. मागचं दार लागलं. आता खालून पाणी येणार अन् जहाज वर जाणार. बघा, बघा, पाणी उकळल्यासारखं व्हायलंय. आमी काय हलायलो न्हाई, पर ती भिंत खाली चालली. मघाशी तो टोपीवाला माणूस आमच्या डोक्यावर हुता, आता बरोबरीला आला. ए बाबा, राम राम! बघितलं का, त्यानं हात केला. आता त्याची टोपी मला वरून दिसती."

डेअरीत आरडाओरडा झाला. कुणीतरी शिट्टी वाजवली. इकडं आजूबाजूची माणसं कालवा बघायचं सोडून मुक्ताबाईकडे बघायला लागली होती.

"अन् हे पाणी कुठलं?" रतनबाईने विचारलं. "समुद्राचं?"

"समुद्राचंच असंल की," मुक्ताबाई म्हणाली. आता ती या विषयात तयार झाली होती.

"न्हाई, मावशी," नागेश हळूच म्हणाला. "हे गोड हाय. पावसाचं. वर एक मोठं तळं हाय, नदीला धरण बांधून केलेलं. त्यातलं पाणी सोडून जहाज वर उचलतेत. अन् जहाज गेलं की ते पाणी समुद्रात जातं."

मुक्ताबाईचा फोन धरलेला हात खाली आला. हौदातलं पाणी घुसळत वर येत होतं. तिला आता ते पाहवत नव्हतं आणि नजरही हटत नव्हती.

"पावसाचं? समुद्रात सोडतेत?"

मारिसोलने तिचा चेहरा बघितला आणि नागेशला काहीतरी विचारलं. नागेशने सांगितलं. कुठून आल्या, तिकडं काय परिस्थिती आहे. मारिसोलने माईक बंद केला आणि मुक्ताबाईशीच बोलू लागली. नागेश मधे मधे मराठी करत होता.

"ती म्हणती, यंदा हितं बी पाऊस कमी पडला. तळं खाली गेलंय. जास्त माल भरलेली जहाजं घेत न्हाईत, हलकं होऊन या म्हणतेत. तिच्या घरचा नळ बी ह्याच तळ्याचा. त्यांच्याकडं बी आता जपून वापरा म्हणून सांगायलेत."

"म्हंजी हितं बी दुष्काळ?" मुक्ताबाईने विचारलं.

"अगं बया! अमेरिकेच्या बाजूला बी?" फोनमधून रतनबाई ओरडली. "मी म्हणत हुते ना, आपण एकट्याच न्हाई!" आणि चिंचाळवाडीच्या डेअरीत, महिनोन्‌महिने पाण्याच्या नावाने कपाळाला आठ्या घालणाऱ्या बायका खो खो हसायला लागल्या. का हसल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मारिसोलने आणखी एक गोष्ट सांगितली. तळं झालं तेव्हा नदीकाठची गावं उठवली होती. तिच्या पणजीचं गाव त्यात गेलं. घरात अजून त्या गावाचं नाव घेतात, पण ते कुणी बघितलेलं नाही.

मुक्ताबाईने तिच्याकडे नीट बघितलं. मग नागेशला म्हणाली, "तिला सांग, माजं माहेर बी सिंदफणेच्या धरणात गेलं. माजं लगीन झाल्यावर. यंदा पाणी आटलं तशी मारुतीच्या देवळाची पायरी वर आली. म्या जाऊन बसून आले तिच्यावर. दुष्काळानं तेवढं एक बरं केलं."

नागेशने ते इंग्रजीत सांगितलं. मारिसोलने मुक्ताबाईचा हात धरला आणि दुसऱ्या हौदात जहाज वर चढेपर्यंत सोडला नाही. शिवकांताने दुसरा हात धरला. फोन तेवढा वेळ नागेशकडे होता आणि रतनबाई तिथून सारखी विचारत होती, "काय झालं? कुणी रडायलंय का?"

शेवटचा हौद भरत आला तेव्हा मारिसोलने माईक पुन्हा सुरू केला. आज आपल्यात भारतातून आलेल्या एक पाहुण्या आहेत, तिने सांगितलं, त्यांच्या गावच्या दूध संस्थेच्या अध्यक्ष आहेत, त्या आपल्या भाषेत दोन शब्द बोलतील. आणि माईक मुक्ताबाईच्या हातात दिला.

शिवकांताला घाम फुटला. मुक्ताबाईला फुटला नाही. माईक हातात आला की काय करायचं हे तिला इतक्या वर्षांच्या वार्षिक सभांनी शिकवलं होतं. तिने पदर नीट केला, माईकवर दोनदा टिचकी मारली.

"मंचावरील मान्यवर, अन् माझ्या सभासद भगिनींनो, भावांनो. आज या ठिकाणी आपण मोठ्या संख्येनं हजर राहिलात, त्याबद्दल संस्थेच्या वतीनं मी तुमचं स्वागत करते. मी मुक्ताबाई मोहनराव तिडके, मुक्काम चिंचाळवाडी, तालुका धारूर, जिल्हा बीड."

तिचा आवाज जहाजाच्या सगळ्या मजल्यांवर घुमला. रानातून पांढऱ्या पक्ष्यांचा एक थवा उडाला.

"आमच्याकडं यंदा पाऊस न्हाई. तुमच्याकडं बी कमी हाय, असं आत्ताच समजलं. हे जहाज आज कुणी उचललं? इंजिनानं न्हाई. पावसाच्या पाण्यानं उचललं. अन् त्या पाण्याला जागा कुणी दिली? ह्या पोरीच्या पणजीच्या गावानं दिली. आमच्याकडं माझ्या माहेरानं दिली. त्यांच्यासाठी सगळ्यांनी एकदा जोरात टाळ्या वाजवा. अन् उद्यापासून दात घासताना नळ बंद ठेवा. समुद्राचं पाणी असलं तरी बंद ठेवा, सवय लागती. कुणाला काही प्रश्न हाय का?"

कुणाला एक शब्द कळला नव्हता, तरी सगळे कान देऊन ऐकत होते. नागेशने माईक घेतला आणि इंग्रजीत सगळं सांगितलं, नळासकट. मग टाळ्या सुरू झाल्या आणि वरच्या मजल्यांवरून खालपर्यंत पसरत गेल्या. लोक वरच्या कठड्यांवरून वाकून हात हलवत होते. काठावरच्या टोपीवाल्यांनी टोप्या काढल्या. फोनमधून चिंचाळवाडीच्या बायकाही टाळ्या वाजवत होत्या, आणि कुठल्या टाळ्या इथल्या, कुठल्या तिथल्या ते कळेनासं झालं.

"प्रश्न न्हाई?" मुक्ताबाईने माईक परत घेऊन विचारलं. "मग सभा संपली असं जाहीर करते."

नेमकं तेव्हाच पुढचं लोखंडी दार उघडलं आणि समोर तळं पसरलं.

फोन बंद करायच्या आधी रतनबाई म्हणाली, "मुक्ता, लई चांगलं बोललीस. पर आभारप्रदर्शन राहिलं."

तळ्यावरून जहाज दुपारभर सावकाश चाललं. बेटं होती ती खरं म्हणजे बुडालेल्या डोंगरांची माथी. पाणी उतरल्यामुळे काठाला जुन्या झाडांचे काळे बुंधे वर आले होते, शंभर वर्षं पाण्यात राहून अजून उभे. मुक्ताबाई बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. शिवकांताने सरबताचा पेला तिच्या हातात दिला. मुक्ताबाई तो पूर्ण प्यायली आणि अननसाचा तुकडाही खाल्ला.

"गोड हाय," ती म्हणाली. "आणखी एक मिळंल का?"

मग जहाज दुसऱ्या बाजूच्या हौदांतून पायरी पायरीने खाली उतरलं. दिवसभरात येणारे-जाणारे प्रवासी मुक्ताबाईला बघून हाताने नळ बंद केल्याची खूण करायचे आणि हसायचे. तीही खूण करायची. तलावात तिच्याशी पाणी उडवून खेळलेला म्हातारा तर लांबूनच दोन्ही हातांनी दोन नळ बंद करायचा.

उन्हं उतरली तेव्हा जहाज एका उंच कमानीच्या पुलाखाली आलं. पुढं दुसरा समुद्र होता, पहिल्यापेक्षा निळा. डेकवर कुणीतरी वाद्यं वाजवायला लागलं. ढोलकीसारखा ठेका ऐकून शिवकांताचे पाय आपोआप हलायला लागले.

"मुक्ता, फुगडी!"

"ह्या वयात?"

"मग कोणत्या वयात पनामाला येणार हायेस परत?"

मुक्ताबाईने कासोटा घट्ट खोचला, पायांत पांढरे बूट, आणि दोघींनी हात धरून मागं झुकत गिरकी घेतली. आधी हळू, मग जोरात. समुद्र, पूल, रान, माणसं सगळं एकात एक मिसळून फिरायला लागलं. लोकांनी गोल केला. मारिसोलने माईक नागेशकडे टाकला आणि आत शिरली. तिघींची फुगडी जमेना तेव्हा तिघी नुसत्याच हात धरून गोल फिरल्या. मग आणखी बायका आल्या. त्यांना फुगडी म्हणजे काय हे कुणी शिकवलं नव्हतं, पण हात धरायचे आणि मागं झुकायचं एवढं सगळ्यांना लगेच कळलं.

मारिसोलला न्यायला छोटी बोट जहाजाला येऊन लागली तेव्हा ती अजून धापा टाकत होती. तिने दोघींना मिठी मारली. मुक्ताबाईने पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची पुडी काढून तिच्या हातात ठेवली. "भाकरीसंगं खा म्हणावं. जरा तिखट हाय."

नागेशने ते सांगितलं. मारिसोल दोरीच्या शिडीवरून बोटीत उतरली, बसल्या बसल्या पुडी उघडली, चिमूटभर तोंडात टाकली आणि डोळे मोठे करून दोन्ही हात वर केले. बोट वळली. ती दिसेनाशी होईपर्यंत तोंडासमोर हाताने वारा घालत होती आणि हसत होती.

"तिला पाणी कोण दील आता?" मुक्ताबाई म्हणाली.

शिवकांताला एवढं हसू आलं की तिला कठडा धरावा लागला. मग दोघी हात धरून, गुडघे सांभाळत, आज गोव्याच्या आचाऱ्याने काय केलंय ते बघायला जेवणाच्या मजल्यावर गेल्या.